नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?

पेढा ठेव टेबलावर. खायचा की नाही ते नंतर ठरवतो. आधी सांग, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?

माहीत नाही. बरं, किती वाजता येतं? तेही माहीत नाही. खालच्या हौदात किती लिटर मावतं आणि ते किती बिऱ्हाडांत वाटायचं? मे महिन्यात सोसायटी किती टँकर घेते, त्याची वर्गणी कोण गोळा करतं? छताकडे काय बघतोस? तिथे उत्तर लिहिलेलं नाही. एक्कावन्न हजारांचं टोकन देऊन आलास आणि संभाजीनगरात घर घेणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारायचं ते तू विचारलंच नाहीस. नववीत भूगोलाच्या पेपरात तुला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. ते गुण आता काढून घेता आले असते तर घेतले असते.

मग विचारलंस काय? किचन मॉड्युलर आहे का. लिफ्ट कुठल्या कंपनीची. हप्ता किती बसेल. आणि एजंटाला बाजूला घेऊन, हळू आवाजात, ‘आजूबाजूला आपलीच माणसं आहेत ना?’ हे तूच आत्ता हसत हसत सांगितलंस. त्याच्याकडे मी येणार आहे. ते सोडणार नाही.

आधी जागेचं बघू. ‘सर, गारखेड्यात फ्लॅट घेतला’ म्हणालास. मोबाइल काढ, नकाशा उघड आणि बोट ठेव. हं. सूतगिरणी चौक मागे पडला, शिवाजीनगर मागे पडलं, रेल्वेचा रूळ मागे पडला. बीड बायपाससुद्धा ओलांडलास. आता तुझं बोट देवळाईच्या एका गट नंबरावर आहे, पुढे डोंगर सुरू होतो. ह्याला गारखेडा म्हणायचं असेल तर पैठणला औरंगपुरा म्हणायला काय हरकत आहे? गारखेड्याला नाव आहे, क्रीडा संकुल आहे, गजानन महाराजांचं मंदिर आहे, शाळा-दवाखाने आहेत, म्हणून एजंट त्या नावाला ओढून ताणून डोंगरापर्यंत नेतो. ‘गारखेड्यापासून पाच मिनिटांवर’ असं त्याच्या रीलमध्ये होतं म्हणतोस. पाच मिनिटं कधीची? रविवारी दुपारी दोनची. शाळा सुटताना किंवा गुरुवारी संध्याकाळी मंदिरापाशी दर्शनाची गर्दी असताना तीच गाडी काढून बघ.

देवळाईला मी नावं ठेवत नाही. तिथे हजारो कुटुंबं राहतात आणि चांगली राहतात. पण ती जागा कोणती आहे, तिचा इतिहास काय, हे माहीत करून घेऊन राहावं. सातारा आणि देवळाई ही गावं होती. २०१४ साली त्यांची मिळून नगर परिषद झाली आणि पुढच्याच वर्षी ती महापालिकेत विलीन झाली. म्हणजे ग्रामपंचायत, नगर परिषद, महापालिका असे तीन कारभार लोकांनी दोन वर्षांत पाहिले. घरं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून उभी राहत होती. घरं आधी आली. रस्ता, गटार आणि नळ मागून येत राहिले. अजून काही ठिकाणी येतच आहेत. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर लोकांनी किती वर्षं ताटकळत काढली, भुयारी मार्गासाठी कोर्टापर्यंत कसं जावं लागलं, हे तिथल्या कुठल्याही किराणा दुकानदाराला विचार. तो चहा पाजून सांगेल.

आता पाणी. खुर्ची पुढे घे.

आपल्या पायाखाली काय आहे? बेसाल्ट. शाबास, एवढं तरी आठवतं. लाव्ह्याचे थर. ह्या खडकात पाणी वाळूसारखं मुरत नाही. भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात जेवढं साठेल तेवढंच. म्हणून शेजारी शेजारी दोन बोअर घेतले तर एकाला पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसती भुकटी उडते. ‘सोसायटीला बोअर आहे सर’ हे तू मोठ्या दिमाखात सांगितलंस. किती फूट? मेमध्ये चालतो? आजूबाजूच्या प्लॉटवर असे किती बोअर आहेत? भेग एक आणि तिच्यावर तोंड लावून बसलेल्या इमारती दहा, तर होळी झाली की तुझ्या मोटारीला हवाच लागणार.

बोअर गेला की राहिला नळ. शहराचं पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं, हे तुला पाठ होतं. पण त्या धरणाच्या मानाने आपलं शहर उंचावर आहे, हे लक्षात आहे का? पाणी उताराने येत नाही. पंपाने ढकलत आणायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवायचं आणि मग टाक्यांमध्ये सोडायचं. वर्षानुवर्षं हे सगळं ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन वाहिन्यांच्या जिवावर चाललं. धरणावर वीज गेली किंवा वाटेत पाइप फुटला की अख्ख्या शहराचं वेळापत्रक एक-दोन दिवस पुढे सरकतं. २०११च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचं होतं. त्यानंतर ते किती पसरलं ते तू स्वतःच पसरवतो आहेस.

‘नवीन योजना आली ना सर.’ आली. त्या आधी एक समांतर जलवाहिनीही आली होती, तिचा खासगी ठेका महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला. मग १६८० कोटींची योजना झाली, डिसेंबर २०२०मध्ये तिचं भूमिपूजन झालं. तिचा खर्च पुढे २७४० कोटींवर गेला. २५०० मिलिमीटरचा पाइप, माणूस उभा राहील असा. मी योजनेच्या विरोधात नाही; पाणी आलं तर मीच पेढे वाटीन. पण मोठा पाइप नक्षत्रवाडीला पोचणं आणि तुझ्या गल्लीतल्या नळाला पाणी येणं ह्यांच्या मध्ये जलकुंभ आहे, गल्लीतली वाहिनी आहे, जोडणी आहे. तुझ्या भागाचा जलकुंभ बांधून झालाय का? भरलाय का? हे पेपरात वाचून नाही कळत. जाऊन मान वर करून बघावं लागतं.

आणि हे फक्त देवळाईचं दुखणं नाही. सिडकोतही बायका विचारतात, ‘आज आपला दिवस आहे का?’ दिवस म्हणजे पाण्याचा. पाचवा, सातवा, उन्हाळ्यात कधी त्याहून पुढचा. पाणी रात्री दोनला आलं तर रात्री दोनला उठायचं. शेजाऱ्याने नळाला थेट मोटार लावली तर तुझ्या नळाला फुसफूस. पाणीपट्टी वर्षाला ४०५० रुपये होती, २०२२ मध्ये ती २०२५ रुपयांवर आणली. लोकांनी अर्धी पट्टी भरली आणि टँकरवाल्याला पूर्ण. तुझ्या हप्त्याच्या हिशेबात टँकरची ओळ कुठे आहे? दाखव. नाही. पिण्याच्या जारची? तीही नाही.

मलिक अंबर शिकवला होता तुला, की तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास? १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आपलंच शहर. खडकाळ जागा. पण त्याने पाण्याची सोय लावली. उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं, हौद भरले. वस्तीचा विचार करणारा माणूस असा असतो. आणि उलटा नमुना पाहायचा तर लांब जायला नको, दौलताबादचा किल्ला इथून दिसतो. १३२७ साली तुघलकाने राजधानी दिल्लीहून उचलून तिथे आणली, आणि काही वर्षांनी माणसांना माघारी जायची मुभा दिली. त्याच्या हाती निदान दिल्लीचा खजिना होता. तुझ्या हाती वीस वर्षांचं कर्ज आहे.

कागद काय बघितलेस? ‘एजंट म्हणाला सगळं क्लिअर आहे.’ तो दुसरं काय म्हणेल! ह्या शहरात शेतजमिनीचे गुंठे पाडून बॉण्ड पेपरवर विकण्याचा धंदा कित्येक वर्षं चालला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. घेणाऱ्याला वाटलं घर झालं. बिनशेती नाही, मंजूर आराखडा नाही, रस्त्याची जागा सोडलेली नाही. अशा वस्त्यांसाठी सरकारला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. म्हणजे त्यानंतरचं बांधकाम असेल तर ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ हे वाक्य तुला ऐकवणाऱ्याला दाराबाहेर काढ. तुझी इमारत कधीची? गेल्या दिवाळीची! आणि हे वाक्य तू एजंटाच्या तोंडून ऐकून घेतलंस?

आठ फ्लॅटची इमारत आहे म्हणालास. हे मुद्दाम आठ असतात. आठपर्यंत फ्लॅट असले किंवा भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असला तर महारेराची नोंदणी लागत नाही. बेकायदा नाही ते. पण मग बिल्डरच्या नावाने तक्रार करायला जाशील तेव्हा तो दरवाजा तुझ्यासाठी अरुंद असेल, हे आज समजून घे. नोंदणी असलेल्या प्रकल्पात तर रजिस्टर करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुझ्याकडून किती मागतोय? पुढच्या आठवड्यात चार लाख, रोख. आणि करार? ‘नंतर बघू.’ अरे, सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, वकिलाचा सर्च रिपोर्ट, ह्यांतला एकही कागद तू हातात घेतलेला नाहीस, आणि त्याने मात्र तुझा सिबिल स्कोअर पाठ केला आहे.

खाली दुकानं आहेत, बायपासला लागून आहेत, म्हणून भाव वाढेल असं तुझं गणित. २०२५च्या जून-जुलैत मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड इथे महापालिकेचे जेसीबी फिरले ते विसरलास? रस्त्याच्या हद्दीतली बांधकामं पडली. लोक डोक्यावर पत्रे घेऊन उभे होते. विकास आराखड्यात तो रस्ता किती मीटरचा आहे आणि तुझ्या इमारतीची भिंत त्याच्या आत की बाहेर, हे महापालिकेत जाऊन विचारायला अर्धा दिवस लागतो. अर्धा दिवस रजा टाकवत नव्हती? मोबाइल घ्यायच्या आधी चार दिवस रिव्ह्यू बघत होतास.

वाळूजच्या कंपनीत आहेस ना? मग पहाटेच्या शिफ्टला बायपासने निघून, महानुभाव आश्रम चौक, पैठण रोड, लिंक रोड. ते एक वेळ जमेल. पण सूनबाईंची शाळा सिडकोच्या एन-अकराला. त्यांनी रोज रूळ ओलांडायचा, गारखेड्यातून जायचं, जालना रोड ओलांडायचा आणि टीव्ही सेंटरच्या पलीकडे पोचायचं, ते सकाळी सव्वासातच्या आत. सिटी बस त्या वेळेला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येते का? की त्यांनी पावसाळ्यात चिखलातून स्कूटी काढायची? डोंगराचं पाणी खाली येतं ते ओढ्या-नाल्यांनी, आणि नाल्यांवर प्लॉट पडलेत. जुलैमध्ये एक जोरदार सर पडून गेल्यावर अर्ध्या तासाने त्या रस्त्यावर उभा राहा, मग सांग मला ‘पॉश लोकॅलिटी’.

कचऱ्याचंही सांगतो, थोडक्यात. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचराडेपोचा रस्ता अडवला. वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण त्यांच्या दारात. त्यांनी अडवला तेव्हा कुठे शहराला कळलं की कचरा रोज निर्माण होतो. गुलमंडीपासून सिडकोपर्यंत ढीग लागले, मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दंगल पेटली. नंतर चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आली. कुठेही घर बघताना वारा कुठल्या बाजूने येतो ते बघावं. त्यासाठी हवामान खात्यात नोकरी लागत नाही, नाक लागतं.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. ‘आपलीच माणसं आहेत ना?’

कोण रे तुझी माणसं? एजंट तुझ्या जातीचा होता. त्यानेच तुला गारखेडा सांगून देवळाई विकली. बिल्डरही आपल्यातलाच म्हणतोस, तो भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चावी द्यायला निघाला आहे. आणि तू मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात शिकलास, बेगमपुऱ्यात खोली घेऊन राहिलास, तिथल्या खाणावळीत उधारीवर जेवलास. परीक्षेच्या वेळी कावीळ झाली तेव्हा तुला घाटी दवाखान्यात कोणी नेलं? खोलीमालकाने. त्याचं आडनाव तेव्हा विचारलं होतंस? ह्या शहरात भाड्याची खोली बघायला गेलेल्या पोराला आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनाव ऐकून ‘कालच गेली खोली’ म्हणतात. तुझ्याच वर्गातली पोरं हे ऐकून माझ्या दारात येऊन बसायची. तू त्यांच्याबरोबर डबा खायचास. आज पगार बरा झाला आणि तोच प्रश्न तू विचारायला शिकलास. मला ह्याची लाज वाटली, टोकनपेक्षा जास्त.

शेजारी कसे आहेत हे विचारायचंच असतं. पण ते असं विचार: पाण्याच्या दिवशी भांडणं होतात का? मोटार लावणाऱ्याला कोणी बोलतं का? मेंटेनन्स किती जण वेळेवर भरतात? रात्री अकरानंतर डीजे लागला तर बंद करायला कोणी जातं का? म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर त्याची खबर कोण घेतं? ह्यांची उत्तरं तुला आडनावात सापडणार नाहीत. ती वॉचमनकडे असतात. कपडे इस्त्री करणाऱ्याकडे असतात. धुणंभांडी करणाऱ्या बाई तर एका वाक्यात अख्ख्या इमारतीची पत्रिका मांडतात. सगळ्यांत खरं टँकरवाला बोलतो, कारण त्याला कुठल्या इमारतीत किती फेऱ्या होतात हे पाठ असतं आणि तुला फ्लॅट विकण्यात त्याचं काही नसतं.

म्हणून सांगतो ते ऐक. चार लाख देऊ नकोस. टोकनची पावती घेतलीयस का? व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे पावती नव्हे. उद्याच बिल्डरकडून लेखी घे, त्यात गट नंबर, रक्कम आणि कागद समाधानकारक नसतील तर पैसे परत, एवढं असू दे. कुरकुर केली तर समजून जा. मग कागदांच्या प्रती माग आणि स्वतःच्या वकिलाला दाखव, त्याच्या ओळखीच्या नव्हे.

आणि खरं विचारशील तर एक वर्ष त्याच भागात भाड्याने राहा. उन्हाळा काढ, पावसाळा काढ, चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाची यात्रा बघ, तेव्हा रस्ता कसा असतो ते बघ. भाडेकरार रजिस्टर कर; महाराष्ट्रात ते कायद्याने बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ हे तुझं लाडकं वाक्य मला ऐकवू नकोस. वर्षाच्या भाड्यात जर कळलं की इथे राहायचं नाही, तर वीस वर्षांचे हप्ते वाचले. कळलं की राहायचं, तर त्याच गल्लीत चांगली इमारत कुठली हे तुला एजंटापेक्षा जास्त माहीत असेल. गारखेडाही असाच राहून बघ, सिडकोही. एन-पाचला मोठ्या झाडांखालचं घर बघून भुललास तर तिथल्या मूळ भाडेपट्ट्याचे आणि हस्तांतराचे सिडकोचे कागद आधी बघ. कॅनॉटजवळ घेणार असशील तर शनिवारी रात्री नऊ वाजता तिथे स्वतःची गाडी लावून दाखव.

अजून एक राहिलं. हे घर तू एकट्याने बघितलंस, एका रविवारी, एजंटच्या एसी गाडीतून. सूनबाईंना फोटो पाठवलास. रात्री दोनला उठून पाणी कोण भरणार आहे? तू तेव्हा तिसऱ्या शिफ्टला असशील किंवा घोरत असशील. सकाळी सव्वासातला शाळेत कोण पोचणार आहे? बाळाला घेऊन दवाखान्यात कोण जाणार आहे? त्या घरात तुझ्यापेक्षा जास्त तास त्या राहणार, आणि त्यांनी ते घर पाहिलेलंसुद्धा नाही.

आता ऊठ. येत्या बुधवारी संध्याकाळी त्यांना घेऊन जा, एजंटला न कळवता, बसने. जिना चढून वर जा, शेजारच्या दाराची बेल वाजव आणि मग तू दोन पावलं मागे उभा राहा. बोलू दे त्यांना.